उसने बोल

निमोण्याच्या शिवारात त्या साली सगळ्यांचाच कांदा एकदम काढणीला आला आणि माणूस कुणालाच मिळेना. बायांच्या टोळ्या बड्या वावरांत गुंतल्या होत्या, तरणी पोरं सणसवाडीच्या कंपन्यांत पाळ्या करत होती, आणि आभाळ रोज दुपारनंतर घोड नदीच्या अंगानं काळंनिळं होऊन गुरगुरत होतं. भिजलेला कांदा साठवणीच्या चाळीत टिकत नाही. म्हणून म्हस्कू कोळप्यानं घरातली माणसं वावरात उतरवली. तो स्वतः, बायको अनसाबाई, थोरली पूनम आणि धाकटा माऊली.

अनसाबाईला खरं तर वाकायची बंदी होती. दीड वर्षामागं, दिवाळीनंतर तिच्या मणक्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून कमरेला पट्टा होता. ती पालथ्या पाटीवर बसून पात कापायची. म्हस्कू आणि माऊली कांदा उपटून ओळीनं टाकत जायचे. मागून पूनम उकिडवी सरकत यायची. डाव्या हाताच्या मुठीत चार-पाच कांदे धरायचे, बोटभर मान ठेवून विळा फिरवायचा, कांदा इकडं, पात तिकडं. माऊलीनं एक सरी उपटून मान वर करावी तर ती त्याच्या टाचेशी आलेली असायची.

माऊली शिरूरच्या कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होता, विषय संख्याशास्त्र. परीक्षा तोंडावर होती. तीन दिवसांत त्याच्या तळहाताला फोड आले होते. खिशातला फोन मात्र सारखा थरथरायचा आणि तो थरथरला की फोडांची आग जरा कमी व्हायची.

"कोण हाय एवढं?" अनसाबाईनं विचारलं.

"अभ्यासाचा ग्रुप हाय, आई."

"लई अभ्यास करत्यात पोरं," म्हस्कू कौतुकानं म्हणाला.

पूनमनं पुढची मूठ धरली. तिचा विळा चालू होता.

गटाचं नाव होतं 'आपला अभ्यास आपण'. यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीनंतर कॉलेजातले संख्याशास्त्राचे तासाच्या मानधनावरचे सर दुसरीकडं नोकरी लागली म्हणून निघून गेले, ते पुन्हा कुणी आलंच नाही. दौंडच्या कॉलेजातही तीच गत होती. तिथल्या रविराज नावाच्या पोरानं व्हॉट्सअ‍ॅपवर हा गट काढला. शिकवायला कुणी नाही तर आपणच शिकू. एकेकानं एकेक भाग घ्यायचा, यूट्यूबवर बघून, पुस्तकं चाळून तो समजून घ्यायचा आणि आपल्या आवाजात, मराठीत बोलून गटात टाकायचा. शिरूर-दौंडची चाळीसेक पोरं पहिल्याच दिवशी आत आली. पुढं दोनशेवर गेली.

माऊलीच्या वाट्याला स्टँडर्ड डेव्हिएशन आलं होतं. त्यानं तीन व्हिडिओ पाहिले. सूत्र पाठ झालं, डोक्यात काही शिरलं नाही. ओट्यावर डोकं धरून बसला होता, तर पूनम घरातून खायच्या कांद्याची पाटी घेऊन बाहेर आली. तिनं अंगणात दहा कांद्यांचा एक ढीग केला, शेजारी दहाचा दुसरा.

"हे बघ. दोन्ही ढिगांचं वजन सारखं, म्हंजी सरासरी सारखी. पर ह्यात सगळे एकाच मापाचे हायेत, आन् त्यात एक जोडकांदा, बाकी निस्त्या बारक्या चिंगळ्या. सरासरी खोटं बोलत न्हाई, पर समदं सांगत बी न्हाई. एकेक कांदा सरासरीपास्नं किती लांब जाऊन बसलाय ते मोजायचं."

"मंग वर्ग कशाला करायचा?"

"मोठ्याचं अधिक आन् बारक्याचं उणं एकात मिळवलं की शून्य व्हतंय. फरकच न्हाई आसं दिसतंय. वर्ग केला की उणं ऱ्हातच न्हाई."

माऊलीला लख्ख समजलं. गोठ्यामागं जाऊन त्यानं फोन तोंडाशी धरला आणि ते सगळं बोलून टाकलं. 'हाय'चं 'आहे' केलं, 'पर'चं 'पण' केलं, बाकी शब्द न् शब्द तिचा. तासाभरात गट नुसता उसळला. रविराजनं लिहिलं, 'भावा, दोन वर्षांत असं कुणी सांगितलं नाही. तुला सुचतं कसं?'

त्या प्रश्नाचं खरं उत्तर दोन शब्दांचं होतं. माऊलीनं लिहिलं, 'शेतकऱ्याचं पोरगं आहे, सुचतं.'

पुढं प्रत्येक भाग तो आधी पूनमकडं घेऊन गेला. व्यापारी गोणीचं तोंड उघडून वरचाच कांदा बघतो आणि सगळ्या गोणीला नाव ठेवतो, हे तिनं नमुना चुकीचा निवडणं म्हणजे काय ते समजावताना सांगितलं. माऊलीनं ते तसंच सांगितलं. पोरं त्याला 'कांदेवाले सर' म्हणायला लागली. बस स्टँडवर अनोळखी पोरी त्याच्याकडं बघून कुजबुजायच्या. त्याची चाल बदलली.

पूनम त्याच कॉलेजात, त्याच विषयाला, त्याच्या एक वर्ष पुढं होती. माऊली पहिल्या वर्षाला गेला तेव्हा मास्तर त्याला 'पूनमचा भाऊ' म्हणायचे, पेपर परत देताना तिचे मार्क सांगायचे. मग आईचं ऑपरेशन झालं. घरात धार, भाकरी, खुरपणी करायला बाई माणूस पाहिजे होतं. म्हस्कूनं एका संध्याकाळी त्याला ओट्यावर बसवून विचारलं, "तू शिकलेला हायस. पूनमचं कालिज बंद केलं तर लई नुकसान व्हईल का रं?"

तेव्हा 'व्हय' एवढंच म्हणायचं होतं. म्हस्कू वाईट माणूस नव्हता, ऐकलं असतं. गडी लावला असता, मावशीला महिनाभर बोलावलं असतं. माऊली म्हणाला, "मोबाईलवर सगळं असतंय आता, आबा. घरबसल्या शिकता येतं."

दुसऱ्या दिवसापासून कॉलेजात त्याला कुणी पूनमचा भाऊ म्हटलं नाही. त्याला बरं वाटलं होतं. हे त्यानं कुणाला कधी सांगितलं नाही. आपला जुना, काच तडकलेला फोन त्यानं तिला दिला आणि त्यात आईच्या नावाचं सिमकार्ड घालून दिलं.

चौथ्या दिवशी सकाळी म्हस्कू डेअरीवर दूध घालून आला तो निराळ्याच चालीनं. बांधावरूनच त्यानं हाक दिली.

"ए, थांबा जरा समदी. अनसे, ऐक."

त्यानं फोन काढला. डेअरीवर मारुतराव भेटला होता. मारुतराव सोसायटीचा जुना चेअरमन, तीस एकरांचा बागाईतदार. आजवर म्हस्कूला तो 'काय रे म्हस्कू' एवढंच म्हणत आला होता. म्हस्कूच्या बापानं ह्याच मारुतरावाच्या वावरात खतासाठी मेंढरं बसवली होती. त्या मारुतरावानं आज त्याला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि चार माणसांत म्हणाला, "आमची अनिता म्हणते, कोळप्यांचा माऊली नसता तर सगळा वर्ग नापास झाला असता. तुझं पोरगं सर झालं की रं म्हस्कू." आणि अनिताच्या फोनवरून आवाज म्हस्कूच्या फोनवर पाठवला होता.

म्हस्कूनं अंगठ्यानं बटण दाबलं. आवाज मोठा केला.

"समजा, आपल्यासमोर कांद्याचे दोन ढीग आहेत," माऊलीचा आवाज वावरभर झाला. "दोन्हींची सरासरी सारखी. पण सरासरी खोटं बोलत नाही, तसं सगळं सांगतही नाही..."

माऊली हातात उपटलेला कांदा धरून तसाच उभा राहिला. मुळांची माती पायावर गळत होती. पूनमकडं बघायचं नाही असं त्यानं ठरवलं, तरी नजर गेलीच. ती खाली मान घालून पात कापत होती. विळ्याचा ठेका चुकला नव्हता. फक्त डोक्यावरची ओढणी तिनं थोडी पुढं ओढली.

आवाज चार मिनिटं चालला. तेवढ्यात पाखरं उठून पलीकडच्या उसात गेली.

"कळलं का न्हाई काई?" म्हस्कू हसत म्हणाला. "मला बी कळलं, अडाण्याला. आसं सांगितलंय."

अनसाबाई विळा मांडीवर ठेवून ऐकत होती. ती म्हणाली, "आवो, पर आसं तर आपली पूनी बोलत व्हती. तवा अंगणात कांदं मांडून. मी खाटंवर व्हते, मी ऐकलंय."

वारा पडला होता. माऊलीनं हातातला कांदा ओळीत टाकला. आता आई बोललीच आहे, आता आपण फक्त मान हलवायची, एवढंच काम होतं.

"ती कशी बोलंल?" म्हस्कू म्हणाला. "ह्याचंच ऐकून बोलली आसंल. व्हय का न्हाई रं?"

माऊली खाली वाकला आणि त्यानं पुढचा कांदा उपटला.

"आबा," पूनम म्हणाली, "पाटी भरलीय. उचला."

म्हस्कूनं फोन खिशात घातला, पाटी डोक्यावर घेतली आणि गुणगुणत चाळीकडं निघाला. त्या दिवशी दुपारची भाकरी माऊलीनं बांधावर लांब बसून खाल्ली. हाताला कांद्याचा चीक होता, भाकरी कडू लागली.

रविवारी चार वाजता गटातल्या पोरांनी व्हिडिओ कॉल ठरवला होता. परीक्षेआधी कांदेवाल्या सरांना समोरासमोर विचारू, असं रविराजनं दोन दिवस आधी जाहीर केलं होतं. शनिवारी माऊली चाळीत पूनमपाशी घुटमळला. ती कांदा पसरत होती.

"ताई, उद्या कुणी काय इचारलं तर?"

"तर सांग की."

"अवघड इचारलं तर?"

"तुला येतंय की समदं," ती हाताखालचा सडका कांदा बाजूला टाकत म्हणाली. "तूच तर सांगतूस त्यास्नी."

तिच्या बोलण्यात काही होतं, पण त्यानं ते समजून घ्यायचं टाळलं.

रविवारी तो चाळीच्या सावलीत, रिकाम्या क्रेटवर बसला. तिथं रेंज चांगली येते. पडद्यावर साठ-सत्तर पोरांचे चौकोन. कुणी हॉस्टेलच्या कॉटवर, कुणी दुकानाच्या गल्ल्यावर, एक जण कंपनीच्या गेटाबाहेर गणवेशात. रविराजनं चार शब्द बोलून त्याची ओळख करून दिली. पहिले दोन प्रश्न जुनेच होते, त्यांची उत्तरं त्यानं झटक्यात दिली. मग अनितानं विचारलं. मारुतरावाची अनिता, स्वच्छ शांत आवाजाची.

"सर, एक शंका आहे. नमुना दहा कांद्यांचा असेल तर भागताना दहानं न भागता नवानं का भागायचं? पुस्तकात नुसतं सूत्र दिलंय."

माऊलीला सूत्र येत होतं. का, ते येत नव्हतं. त्याला कधी ते विचारावंसंही वाटलं नव्हतं. सत्तर चेहरे त्याच्याकडं बघत थांबले होते. चाळीच्या पट्ट्यांच्या फटीतून पलीकडं पूनम दिसली, क्रेट उचलून आणत होती. स्पीकर चालू होता. प्रश्न तिनं ऐकला होता. ती थांबली.

"हॅलो," माऊली म्हणाला. "हॅलो, आवाज येतोय का?"

"येतोय सर, येतोय."

"हॅलो... तुमचा आवाज तुटतोय. हॅलो."

त्यानं कॅमेऱ्यावर अंगठा ठेवला. मग कॉल कापला. मग फोन विमानाच्या खुणेवर टाकला. वर बघितलं तर पूनम अजून तिथंच होती. दोघांची नजरानजर झाली. तिनं क्रेट सावकाश खाली ठेवला आणि वावराकडं परत गेली. ती काही तरी बोलली असती तर फार बरं झालं असतं.

दिवस कलताना त्यानं विहिरीच्या कट्ट्यावर बसून फोन चालू केला. 'सर रेंज गेली का?', 'सर आम्ही थांबलोय', 'सर उद्या सांगा' असे तीसेक निरोप होते. त्यानं लिहायला घेतलं. दोनदा लिहून पुसलं. शेवटी लिहिलं, 'रेंज गेली नव्हती. मला उत्तर येत नव्हतं. मी जे जे सांगितलं ते सगळं माझी बहीण पूनम हिनं मला सांगितलं होतं. कांदे तिचे, उदाहरणं तिची. तिचं कॉलेज सुटलंय. मी तिचं नाव घेतलं नाही. मला माफ करा.' डोळे मिटून त्यानं ते पाठवलं.

शिव्या येतील असं त्याला वाटलं होतं. त्या आल्या असत्या तर त्यानं अंगावर घेतल्या असत्या. पहिला निरोप आला, 'सलाम भावा.' दुसरा, 'हे कबूल करायला मोठं मन लागतं.' मग हात जोडलेली चित्रं, फुलं, टाळ्या. रविराजनं लिहिलं, 'असा भाऊ प्रत्येक बहिणीला मिळो.' एका मुलीनं लिहिलं, 'सर, तुमचा आदर अजून वाढला.' बघता बघता शंभरावर निरोप झाले. पूनमबद्दल त्यात चार-पाचच होते. बाकी सगळे त्याच्याबद्दल. चोरी कबूल केली तर चोरालाच हार घालत होते.

आता तिला तरी गटात घ्यावं म्हणून त्यानं तिचा नंबर निवडला. फोननं सांगितलं, हा नंबर गटात आधीच आहे.

त्यानं सदस्यांची यादी उघडली. दोनशे अकरा नावांत मधेच कुठं तरी होतं, 'आई'. सिमकार्ड आईचं, म्हणून त्यानं तो नंबर 'आई' नावानंच ठेवला होता. मागं, अगदी मागं सरकवत तो गटाच्या पहिल्या दिवसापर्यंत गेला. चाळीस जणं एका दमात आली होती, त्या गर्दीत एक बारीक ओळ होती, आई लिंकवरून सामील झाली. त्यानं आपला पहिला आवाज दाबून धरला आणि तो कुणी कुणी ऐकलाय ते उघडलं. आई. दुसरा आवाज. आई. तिसरा. एकूण बारा आवाज होते. बाराही तिनं ऐकले होते. बहुतेक तासाभराच्या आत.

तो घराकडं आला तेव्हा पूनम न्हाणीपाशी बसून राखेनं हात घासत होती. कांद्याच्या चिकानं बोटं काळी पडली होती, नखांच्या कडा फाटल्या होत्या.

"ताई, तू ग्रुपात हायस?"

"व्हय."

"कवापास्नं?"

"पहिल्या दिसापास्नं. तूच तर लिंक दावली व्हतीस, हे काय हाय बघ म्हणून."

तो भिंतीला टेकला. "मंग बोलली का न्हाईस?"

तिनं तांब्यातलं पाणी एका हातावर ओतून घेतलं. "पहिल्यांदा वाटलं, इसरला आसंल नाव घ्यायला. दुसऱ्यांदा वाटलं, लाजला आसंल. तिसऱ्यांदा तरी घेशील म्हणलं. मंग निस्तं मोजत गेले."

"बारा झाले."

"व्हय, बारा." ती पुन्हा राख घ्यायला वाकली. "नाव न्हाई घेतलं त्याचं एवढं न्हाई. पर माझं बोलणं धुऊन पुसून घ्यायचास. 'न्हाई'चं 'नाही' करून. तेवढं लागलं मला."

गोठ्यात म्हशीनं साखळी हलवली. माऊलीला वाटलं आता सगळंच बोलून टाकावं.

"ताई, आईच्या आपरेशनानंतर आबांनी मला इचारलं व्हतं, तुझं कालिज..."

"ऐकलं व्हतं मी," ती म्हणाली. "मी चुलीपाशी व्हते."

दीड वर्षं ती त्याला भाकरी वाढत होती, त्याचे शर्ट धूत होती, अंगणात कांदे मांडून त्याला शिकवत होती, आणि तिला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तो तिथंच खाली, ओल्या दगडावर बसला.

पूनमनं ओढणीला हात पुसले. खुंटीवरच्या पिशवीतून तडकल्या काचेचा फोन काढला आणि गट उघडला. त्याचा कबुलीजबाब, त्याखालची फुलं, टाळ्या, सगळं ती बोटानं वर सरकवत गेली. तोंडावरची रेष हलली नाही. अनिताच्या प्रश्नापाशी थांबली. मग बटण दाबून धरलं आणि फोन तोंडाशी नेला.

"मी पूनम कोळपे बोलतीय. आनिता, तुझं उत्तर सांगते. दहा कांदं हायेत. त्यांची सरासरी आपुन त्यातनंच काढलीय, बाहेरनं आणली न्हाई. आता मी तुला नऊ कांद्यांची वजनं सांगितली आन् सरासरी सांगितली, तर धाव्याचं वजन तुला न बघता काढता येतंय का न्हाई? येतंय. म्हंजी धावा कांदा मोकळा न्हाई, तो बाकीच्यांनी बांधलेला हाय. मोकळी बातमी नवांचीच हाय. म्हणून नवानं भागायचं."

बोट उचललं. आवाज गेला. मग कुणी तरी एक हसणारं चित्र टाकलं. पूनमनं ते पाहिलं. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानंतर लगेच अनिताचा निरोप आला, 'ताई, अजून एकदा ऐकते, लिहून घेते. आणि ते वर्ग करण्याचं पण तुमच्याच तोंडून सांगाल का?'

माऊलीनं त्या हसणाऱ्याला काही तरी लिहायला फोन काढला. पूनम म्हणाली, "ऱ्हाऊ दे. तू नगं बोलूस आता."

बापाला सांगायचं उरलं होतं. ते माऊलीनं दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीत सांगितलं. म्हस्कू कांद्याचा थर सारखा करत होता. सगळं ऐकून घेईपर्यंत त्याचे हात चालूच होते. मग थांबले.

"मंग मी मारुतरावाला काय सांगू?" तो म्हणाला. "चार मान्सांत चा पाजला त्यानं मला."

माऊली खाली सांडलेले कांदे थरावर टाकत राहिला.

"आन् तुझी आय वावरात बोलली तवा तू कांदा उपटीत व्हतास." म्हस्कूनं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. तो एकाएकी म्हातारा दिसायला लागला. "मला बी तवा कळाय पायजे व्हतं. मला काय, पोरगं बोलतंय म्हणल्यावर खरंच आसंल वाटलं. पोरगीचं काय आसंल आसं वाटलंच न्हाई."

त्या दिवशी तिसऱ्या प्रहरी वळीव आला. शेवटच्या चार सऱ्या भिजल्या, बाकी कांदा चाळीत पोचला होता. चौघंही भिजली. पुढं कळलं ते असं, की म्हस्कू मुद्दाम मारुतरावाच्या वाड्यावर गेला होता, उभ्यानंच बोलला, "ते बोल पोराचं न्हाईत, पोरीचं हायेत," आणि चहाला न थांबता परत आला.

परीक्षा झाली. माऊली पास झाला. गटातली बरीच पास झाली. उन्हाळाभर पूनमचे आवाज गटात जात राहिले, तिच्याच बोलीत. माऊलीनं त्यानंतर एकदाही तोंड उघडलं नाही. बस स्टँडवर कुणी 'सर' म्हटलं की तो पाण्याच्या टाकीकडं वळायचा.

जून उजाडला तेव्हा एका सकाळी म्हस्कूनं टोपी घातली आणि म्हणाला, "चला, कालिजात जाऊन येऊ." भाकरी-धारेची सोय त्यानं आधीच केली होती. अनसाबाईची बहीण कुशाबाई महिनाभर राहायला आली होती, आणि सकाळची धार माऊलीनं काढायची असं ठरलं होतं. कॉलेजातल्या बाईंनी सांगितलं, दीड वर्षाचा खंड पडलाय, दुसऱ्या वर्षाला पुन्हा बसावं लागेल. म्हणजे धाकटा तिसऱ्या वर्षाला आणि थोरली दुसऱ्या. आणि खंड का पडला त्याचं प्रतिज्ञापत्र तहसीलवरून करून आणा.

तहसील कचेरीच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली टायपिंगवाले रांगेनं बसले होते. पावसाळी उकाडा होता. त्यांच्या टायपिंगवाल्यापुढं सात-आठ माणसं होती. पाळी आली तेव्हा त्यानं कॉम्प्युटरवरून मान न उचलता नाव विचारलं, वय विचारलं, गाव विचारलं. पूनम सांगत गेली.

"शिक्षणात खंड पडल्याचं कारण?"

म्हस्कूनं माऊलीकडं बघितलं. माऊलीनं तोंड उघडलं. "ते आसं झालं, आई आजारी व्हती, आन् मी..."

"एका ओळीत सांगा," टायपिंगवाला म्हणाला. "आजारपण, आर्थिक, लग्न, काय लिहू?"

"घरगुती अडचण," पूनम म्हणाली.

खटाखट बोटं चालली. कागद बाहेर आला. पूनमनं तो उभ्यानंच वाचला, निमोणेमधली वेलांटी चुकली होती ती दुरुस्त करून घेतली आणि आपल्या नावापुढं सही केली.

"ओळख देणारं कोण?" टायपिंगवाल्यानं विचारलं. "शिकलेलं माणूस द्या. आधार कार्ड आणि सही."

म्हस्कू बाजूला झाला. माऊली पुढं आला. टायपिंगवाल्यानं कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. तिथं छापलं होतं, 'मी वरील प्रतिज्ञापत्र करणारीस व्यक्तिशः ओळखतो.' खाली रिकामी रेघ होती.

माऊलीनं पेन घेतलं. ओळ वाचली. पुन्हा वाचली. पेनाचं टोक रेघेवर टेकलं आणि तिथंच राहिलं. कागदावर शाईचा एक ठिपका मोठा व्हायला लागला.

"काय झालं?" टायपिंगवाला म्हणाला.

"काई न्हाई."

"मंग कर सही," पूनम म्हणाली. "मागं मान्सं थांबलीत."